शामूअण्णांचं राहिलेलं सुतक

कारखान्याच्या फाटकातून जीप आत शिरली की टाइम ऑफिसातून शामूअण्णा नाहीसे होत. जीप कुणाची, कशासाठी आली, हे बघायची त्यांना गरज नसे. नुसता आवाज पुरे. टेबलावर हजेरीपट उघडा, पेनाचं टोपण बाजूला, चहातून वाफ निघतेय आणि खुर्ची रिकामी. जीप गेली की अण्णा बाहीनं कपाळ पुसत परत येत आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणत, "पोट बिघडलंय जरा." जीप आल्यावरच ज्याचं पोट बिघडतं असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

माजलगावच्या बाजूला आमचा सहकारी साखर कारखाना तेव्हा नवा होता. मी तिथं टायपिस्ट. अख्ख्या ऑफिसात बाई मी एकटीच, त्यामुळे माझं नाव लक्षात ठेवायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. सगळ्यांची मी 'टायपिस्टबाई'. शामूअण्णांचं टेबल माझ्या समोर होतं. शामराव दिंद्रुडकर हे त्यांचं कागदावरचं नाव. पन्नाशीला आलेला, उंच, खांद्यात वाकलेला माणूस. डोळे घारे. घारे डोळे आपल्याकडे काही कमी नाहीत, म्हणून मीही त्याचं नवल केलं नव्हतं. खुर्ची मात्र ते नेहमी दाराकडे तोंड करून ठेवत. झाडूवाल्यानं ती फिरवली तर दिवसभर त्यांचं कामात लक्ष लागत नसे.

त्यांच्या सायकलला युरियाची रिकामी पिशवी कायम लटकलेली असे. तिच्यात शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, घरपट्टीच्या पावत्या असं सगळं संसाराचं कागदपत्र. लोक सायकलला डबा लावतात, हे दाखले लावून हिंडायचे. मी एकदा म्हटलंही, "अण्णा, रस्त्यात कुणी तुमचा शाळा सोडल्याचा दाखला मागणार आहे का?"

"न्हाई, पर आसलेला बरा," ते म्हणाले. "आपुन हितलेच हाव."

हे त्यांचं पालुपद होतं. विषय कुठलाही असो, पावसाचा, चेअरमनच्या निवडणुकीचा, कॅन्टीनच्या भज्यांचा, अण्णा मध्येच म्हणत, "आपुन हितलेच हाव." कुणी विचारलेलं नसताना.

पहिल्या हंगामाला बॉयलर पेटवायचा कार्यक्रम मोठा झाला. मंत्री येणार म्हणून मांडव, हलगी, आणि पोलिसांचा बंदोबस्त. गाड्यांची रांग आत आली आणि अण्णा गेले ते गेलेच. पूजा झाली, भाषणं झाली, जेवणं उठली तरी पत्ता नाही. संध्याकाळी वॉचमन दगडूला ते साखरेच्या रिकाम्या गोदामात, गोण्यांच्या थप्पीमागे सापडले. दगडू त्यांच्या गावचा, बरोबरीचा. सगळ्यांसमोर ओरडला, "काय बे शामू, काहून बसलास हितं? बुंदी संपली की!" आम्ही पोट धरून हसलो. मीही हसले. मग त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि तो दातांवर वाजायला लागला. तो आवाज ऐकल्यावर मात्र मला हसवेना.

त्याच वर्षी त्यांची आई वारली. आठ-दहा दिवसांनी, दुपारच्या सुट्टीत ऑफिस रिकामं झाल्यावर अण्णा माझ्या टेबलाशी आले. दार लोटून घेतलं. मग पुन्हा उघडून बाहेर पाहिलं आणि पुन्हा लोटलं.

"बाई, एक इंग्रजी पत्र करायचंय. परदेशात."

"कुणाला?"

"पोलिसांला."

जीप ऐकून गोदामात लपणारा माणूस पोलिसांना पत्र घालायला निघाला होता, तेही समुद्रापलीकडच्या. मी मशीनवरचा हात काढला आणि म्हटलं, बसा.

ते बसले नाहीत. उभ्यानंच, दाराकडे बघत, तुटक तुटक बोलत राहिले. मी जे जुळवलं ते असं. त्यांचे वडील एमिल बर्गमन, युरोपातल्या व्हिएन्ना शहरातले ज्यू. निजामाच्या अमदानीत दिंद्रुडजवळच्या सरकी काढायच्या जिनात तेलाचं इंजिन बसवायला आले आणि इथंच राहिले. लोक त्यांना इंजनवाले साहेब म्हणत. जालन्याच्या मिशन दवाखान्यातल्या एका नर्सशी त्यांनी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं सामुएल. पुढं तिकडं ज्यूंचे हाल सुरू झाले तेव्हा साहेबांनी परत जायचा विचार सोडला. घरी आईबाप आणि एक बहीण होती, त्यांना इकडे बोलवायची खटपट चालली होती. तेवढ्यात लढाई लागली. व्हिएन्ना तोवर जर्मनीनं गिळलं होतं, म्हणून साहेबांचा पासपोर्ट जर्मन ठरला. ज्यांना भिऊन माणूस घरी जात नव्हता, त्यांचाच म्हणून त्याला धरायला पोलीस आले.

"दाढी करत व्हते," अण्णा म्हणाले. "अर्ध्या तोंडाला साबन. तसंच पोलिसांच्या मोटारीत बशिवलं. मी उंबऱ्यात व्हतो. साबन पुसू द्या म्हनलं आईनं, तर पुसू दिला न्हाई."

साहेबांना नगरच्या छावणीत ठेवलं. इकडे आईनं त्याच आठवड्यात पोराला शाळेत घातलं आणि सामुएलचा शामराव केला. आडनाव गावाचं लावलं. मिशनची बाई, पण त्या दिवसापासून कपाळाला कुंकू लावायला लागली. पोराला एक वाक्य पाठ करून घेतलं, कुणी विचारलं तर म्हणायचं, आपण इथलेच आहोत. साहेब सुटून आले ते खंगूनच, आणि थोड्याच दिवसांत गेले. व्हिएन्नाहून लढाईनंतर कुणाची चिठ्ठीचपाटी आली नाही. इकडूनही कुणी घातली नाही, कारण पत्र घालायचं म्हणजे नाव सांगायचं.

"मरताना आई म्हनली, तुज्या आत्याला कळवलं न्हाई रे. सख्खा भाऊ गेला, तिला सुतक बी माहीत न्हाई."

सुतकाशी खरं तर ना त्यांच्या बापाचा संबंध, ना मिशनमध्ये वाढलेल्या आईचा. पण दिंद्रुडात जन्म काढल्यावर मयतीचा निरोप रक्ताच्या माणसाला न धाडणं म्हणजे काय, हे मायलेकांना पक्कं कळलं होतं. वैरी असला तरी त्याला कळवतात. इथं सख्खी बहीण राहिली होती. तेवढं कळवलं नाही तर आईचा जीव वर अडकेल, असं अण्णांना वाटत होतं. पण पत्ता ठाऊक नव्हता, आणि हरवलेलं माणूस शोधायचं ते पोलिसांनीच, एवढंच त्यांना माहीत होतं.

"मग कळवू की," मी म्हटलं. "त्यात एवढं काय?"

"बापाची फाईल उघडंल बाई. त्यात मी बी आसंल. परदेशी मान्साचं पोरगं. नोकरी जाईल, घर जाईल, मला उचलून धाडून देतील."

"कुठं धाडतील?"

अण्णांनी पहिल्यांदाच दारावरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं. "त्येच तं. मला दुसरं गावच न्हाई."

त्या दिवसापासून आम्ही पत्रं लिहायला लागलो. त्या देशाच्या मुंबईतल्या वकिलातीला, हैदराबादच्या जुन्या दप्तराला, व्हिएन्नाच्या पोलिसांना. अण्णा ती आमच्या गावच्या पेटीत टाकत नसत. एसटीनं पार मांजरसुंब्याला जात, जिथं चारी वाटांचे ट्रक थांबतात आणि कोण कुठला ते ढाबेवाल्यालाही ठाऊक नसतं, आणि तिथल्या पेटीत टाकून येत. माग लागू नये म्हणून.

मी एकदा न राहवून म्हटलं, "अण्णा, पाकिटामागं पत्ता तर तुमचाच आहे."

त्यांचा चेहरा असा उतरला की मला माझ्या जिभेचा राग आला. मी बोलून बसले, "बरं, पत्ता माझा घाला." झालं. तेव्हापासून परदेशी शिक्क्यांची पाकिटं कॉलनीत माझ्या दारी यायला लागली, आणि पोस्टमन ती उलटीपालटी करून देताना म्हणायचा, "भारी वळख हाय बाई तुमची!" भीतीचीही लागण होते हे मला तेव्हा कळलं. महिन्याभरात जीपच्या आवाजानं माझीही बोटं मशीनवर अडखळायला लागली. अण्णा उठून जायचे आणि मी कागद खणात सारायचे. कशासाठी, ते मला सांगता आलं नसतं.

हैदराबादला ते स्वतः एकदा गेले. साहेबांना धरलं तेव्हाचे कागद तिथं असणार, त्यात व्हिएन्नातला घरचा पत्ता असणार. दप्तराच्या फाटकाशी एक शिपाई बंदूक घेऊन उभा दिसला. अण्णा रस्त्याच्या पलीकडूनच वळले आणि मिळेल त्या गाडीनं परत आले. मला म्हणाले, "आज बंद व्हतं." मग आम्ही तिथंही पोस्टानं अर्ज केला आणि कधीतरी, आशा सोडल्यावर, पत्ता आला.

व्हिएन्नात माणूस घर बदलतो तेव्हा पोलिसांत जाऊन सांगावं लागतं, आणि प्रत्येकाची अशी कार्डं वर्षानुवर्षं जपून ठेवतात, हे वकिलातीनं कळवलं तेव्हा अण्णा सुन्न झाले. "म्हंजे कोन कुठं ऱ्हातं, समदं त्यांला म्हाईत?" त्यांनी मला हे दोन-तीनदा विचारलं. "मंग पळायचं कसं?"

व्हिएन्नाचं उत्तर आलं ते दुष्काळात. सलग दुसरं साल कोरडं गेलं होतं. ऊस करपला, गाळप लवकर बंद पडलं, कॉलनीत टँकर एक दिवसाआड यायचा आणि आला की भांडणं लागायची. अण्णा टेबलाशी उभे राहिले आणि मी कार्डाबरोबरचा इंग्रजी कागद वाचत मराठीत सांगत गेले. बापाचं नाव, आईचं नाव, गल्ली, घर. आत्याचं नाव हेर्मिना. तिचं लग्न, नवऱ्याचं नाव, तो वारल्याची नोंद. मग शेवटची ओळ, ऐन लढाईतल्या सालाची. इथून नाव कमी केलं. गेली पोलंडला.

"पोलंड काय हाय?"

मी थोडंफार वाचलेलं होतं. त्या वर्षी त्या शहरातून पोलंडला जाणारे ज्यू स्वतःहून जात नव्हते आणि परत येत नव्हते, हे मी जमेल तसं सांगितलं. साहेबांच्या आईबापाच्या कार्डावरही तेच होतं. तिघांचा दिवस एकच.

"पोलिसांनी न्येलं?"

"हो."

"आन् लिवलं, गेली?"

"हो अण्णा."

मग म्हणाले, "मी तिला कळवाया निगालतो. हितं तिचंच मला कुनी कळवलं न्हाई." आणि मग अगदी साध्या आवाजात, "बाई, आंगूळ कराया लागंल."

जुनी मयत उशिरा कळली की अंघोळीनं सुतक फिटतं, अशी आपली रीत. पण त्या दिवशी प्यायला पाणी नव्हतं. अण्णा कॅन्टीनमागे गेले, कप विसळून उरलेल्या बादलीतलं तांब्याभर पाणी घेतलं आणि अंगातल्या कपड्यांसकट डोक्यावर ओतलं. चहाची पावडर केसांत अडकली. आजी, आजोबा आणि आत्या, तिघांना मिळून तेवढा एकच तांब्या. कॅन्टीनवाला ओरडायला लागला होता, मी त्याला हातानं थांबवलं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

मला वाटलं, संपलं. पण ज्या कारकुनानं ते कार्ड शोधलं, त्याच्याकडे पूर्वी आणखी एका बाईनं हेच कार्ड मागितलेलं होतं. त्यानं आमचं पत्र तिला पाठवलं. हेलन, आत्याची मुलगी. आत्यानं तिला लहान असताना एकटीला आगगाडीत बसवून इंग्लंडला धाडलं होतं, म्हणून वाचली. तिनं लिहिलं, माझ्या घराण्यातल्या एकाही माणसाची कबर जगात नाही. मामाची तुमच्याकडे असेल तर मी बघायला येते.

आतेबहीण सापडली म्हणून मी पेढे मागणार होते. अण्णांनी उठून दार लोटून घेतलं.

"कबर न्हाई, बाई."

मग ते निघालं. साहेबांना जिनाजवळ, गाडीवाटेच्या कडेला पुरलं होतं. मेलेल्याला फूल वाहायचं नाही, दगड ठेवायचा, असं साहेबांनीच पोराला शिकवलेलं. पोरगा जाता-येता एकेक दगड ठेवायचा. आपल्या लोकांना वाटेवर दगड ठेवायचं ठिकाण कशाचं हे सांगावं लागत नाही. एकानं ठेवला म्हणून दुसऱ्यानं ठेवला. पुढं तर कुणाचं पाण्याचं इंजिन चालू होईना की लोक इंजनवाल्या साहेबाला दगड वाहायला येऊ लागले. पुरुषभर उंच ढीग झाला. मग बहात्तरचा दुष्काळ पडला आणि त्याच वाटेची सडक करायचं सरकारी काम निघालं. गावोगावची माणसं खडी फोडायला बसली. ओव्हरसिअरनं ढीग पाहिला. दगड आयते जमलेले.

"मी त्या टोळीत व्हतो," अण्णा म्हणाले. "जीप हुबी व्हती तिथं. ओव्हरसिअर म्हनला, ह्ये कुनाचं हाय का? समदे गप. गावच्यांला वाटलं, द्येव बी दुष्काळात समजून घ्येतो. मी म्हनलं आसतं, माजा बाप हाय. तर फुडं इचारलं आसतं, कोन बाप?" त्यांनी आपले तळहात पाहिले. "मी बी फोडली खडी. दिवसभर."

पंधरा वर्षं त्या सडकेवरून एसटी चालली होती. अण्णा त्या सडकेनं कधी जात नसत, लांबच्या वाटेनं सायकल घालत. ते का, हे मला आता कळलं.

कबर उरली नाही, जागा आहे, एवढं मी लिहिलं तरी हेलन यायची थांबली नाही. परदेशी पाहुणी गावात येणार तर ठाण्यात कळवावं लागेल, असं चेअरमनांनी सांगितलं. मी एकटी जाते म्हटलं, अण्णा नको म्हणाले. ठाण्याच्या पायऱ्या चढताना युरियाची पिशवी त्यांनी छातीशी धरली होती आणि ओठ हलत होते. मला माहीत होतं काय चाललंय ते. आपुन हितलेच हाव. आत एक जमादार पेपर वाचत होता. त्यानं वर न बघता नाव-गाव विचारलं, कारण विचारलं. अण्णा म्हणाले, "पावनी हाय." पुढचं मी सांभाळून घेतलं.

हेलन औरंगाबादहून टॅक्सीनं आली. ठेंगणी, पांढऱ्या केसांची, डोळे अण्णांसारखे घारे. दोघं एकमेकांकडे बघतच राहिली. तेवढ्यात ठाण्याची जीप आली. परदेशी बाई आहे, सोबत जा, असा जमादाराला वरून हुकूम होता, आणि टॅक्सी त्या खडबडीत सडकेवर यायला तयार नव्हती. म्हणजे जीपमध्ये बसणं आलं. मी अण्णांकडे पाहायचं टाळलं. आता हा माणूस पळणार, याची मला खात्री होती. अण्णांनी हातानं गाल चाचपला, साबण लागलाय का बघावं तसा, आणि पाय वर घेतला. वाटभर त्यांनी लोखंडी दांडी अशी धरली होती की बोटं पांढरी पडली.

जुन्या जिनाच्या पडक्या भिंतीजवळ त्यांनी जीप थांबवायला सांगितली. दोन्हीकडे भेगाळलेली रानं, मधून सडक. उतरून अण्णा सडकेच्या मधोमध जाऊन उभे राहिले. हेलन त्यांच्याजवळ गेली आणि इकडेतिकडे बघायला लागली.

जमादार वैतागला. "हितं तं काईच न्हाई. म्हातारीला एवढ्या दुरून रस्ता बगाया आनलं व्हय? आन् तुमचं काय नातं हो हिच्याशी?"

मी तोंड उघडलं, काहीतरी थाप मारायची म्हणून. तेवढ्यात अण्णा बोलले.

"माजी आतेबहीन हाय. माजं नाव सामुएल. एमिल बर्गमन माजा बाप. त्यो हितला न्हवता, सायेब." त्यांनी पायाखाली बोट दाखवलं. "पर हितंच हाय."

मग ते हेलनकडे वळले. "बाई, सांगा हिला. म्हनावं, तुजा मामा वारला. लई दिस झाले. कळवायचं राह्यलं व्हतं."

मी सांगितलं. हेलननं डोळे मिटले. मग पर्समधून सुपारीएवढा एक दगड काढला, घरून आणलेला, आणि कुठं ठेवावा ते न कळून अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी डांबराकडे हात केला. ती खाली वाकली आणि तिच्याबरोबर तेही वाकले.

समोरून पाण्याचा टँकर येत होता. ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसलेला. जमादार शिवी देत पुढं झाला आणि टँकर थांबवायला त्यानं हात वर केला. खाकी बाही उचललेली पाहून अण्णा दचकले, खांदे कानांपर्यंत आले. पण ते रस्त्यातून हलले नाहीत.